मॉस्कोनी युरोपात राहायला गेला

विली मॉस्कोनीच्या वडिलांचा फिलाडेल्फियात पूल हॉल होता, आणि पोराने त्या खेळाच्या नादी लागू नये अशी त्यांची फार इच्छा होती. नात्यातले मॉस्कोनी बंधू तेव्हा रंगमंचावर नाचून नाव काढत होते. विलीनेही नाचावं, एवढंच वडिलांचं मागणं. म्हणून ते क्यू आणि बॉल कुलपात ठेवत. पोरगं स्वयंपाकघरातले बारके, गोल बटाटे टेबलावर मांडून झाडूच्या दांड्याने खेळायचं. पुढे याच पोराने १९४१ ते १९५७ या काळात स्ट्रेट पूलचं जगज्जेतेपद पंधरा वेळा जिंकलं. १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावी एका प्रदर्शनीय सामन्यात त्याने न चुकता लागोपाठ ५२६ बॉल घातले. अंगात सूट, गळ्यात टाय, बोलणं कमी. पूल हा सभ्य माणसांचा खेळ आहे हे अमेरिकेला पटवण्यात त्याचं आयुष्य गेलं.

त्याच अमेरिकेत, त्याच वर्षांत रुडॉल्फ वाँडरोन नावाचा एक गोलमटोल गृहस्थ गावोगाव पैजा लावत हिंडत होता. मोठी म्हणावी अशी एकही स्पर्धा त्याच्या नावावर नव्हती. १९६१ साली पॉल न्यूमनचा ‘द हसलर’ आला आणि त्यात जॅकी ग्लीसनने रंगवलेला मिनेसोटा फॅट्स लोकांना इतका आवडला, की वाँडरोनने जाहीर करून टाकलं, तो मीच. मूळ कादंबरीचा लेखक वॉल्टर टेव्हिस नाही नाही म्हणत राहिला. लोकांनी वाँडरोनचंच ऐकलं. त्या सिनेमाचा तांत्रिक सल्लागार होता मॉस्कोनी, ही आणखी एक गंमत. १९७८ मध्ये टीव्हीवाल्यांनी दोघांना समोरासमोर उभं केलं. मॉस्कोनी जिंकला, आणि लोकांनी घरी नेले ते फॅट्सचे विनोद.

अमेरिकन पूलचं पुढे काय झालं हे सांगायला मला ही दोन माणसं पुरतात. अमेरिकेने फॅट्स ठेवून घेतला. मॉस्कोनी युरोपने नेला.

तेव्हाच्या अमेरिकन पूल हॉलमध्ये कुणी कुणाला शिकवत नसे. पोरगं टेबलं पुसायचं, बॉल रॅकमध्ये लावून द्यायचं, भिंतीकडेच्या उंच स्टुलावर बसून रात्रभर मोठ्यांचे पैशांचे सामने बघायचं. मग चार डॉलर साठवायचे, आपल्याहून बऱ्या माणसाशी खेळायचं आणि हरायचं. हरलेल्या पैशांत जे कळलं ते कळलं. पांढरा बॉल तिथे थांबवलास कसा, असं विचारलं तर उत्तर मिळत नसे, कारण त्या उत्तरावर समोरच्याची रोजीरोटी चालायची. जरा हात बसला की गाडी काढायची, पैसे लावणारा एखादा सोबती गाठायचा आणि या राज्यातून त्या राज्यात, या हॉलमधून त्या हॉलमध्ये, कधी खोट्या नावाने. इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटी या लहानशा गावात जॅन्स्को बंधू १९६१ ते १९७२ अशी वर्षानुवर्षं या सगळ्या फिरस्त्यांची स्पर्धा भरवायचे. दिवसा स्पर्धा, आणि रात्री खरे सामने. आपल्याकडच्या जत्रेत कुस्त्यांचा फड पडावा तसा तो मामला होता. कुणाचं नाव कुठल्या दप्तरात नाही, पण कोण कुणाला भारी हे सगळ्यांना पाठ.

असल्या जगातून आलेला प्रत्येक खेळाडू वेगळा दिसायचा. कीथ मॅक्रेडीचा हात बाजूला असा फेकला जायचा, की कुठल्याही प्रशिक्षकाने तो पहिल्याच दिवशी बदलायला लावला असता. बडी हॉल अवजड देहाचा, आणि पांढरा बॉल मात्र जेमतेम हलवायचा. स्टीव्ह मिझरॅक न्यू जर्सीत शाळामास्तर होता. त्याने १९७० ते १९७३ अशी सलग चार वर्षं यूएस ओपन जिंकली आणि नंतर एका बिअरच्या जाहिरातीमुळे घराघरांत पोहोचला. १९८६ मध्ये ‘द कलर ऑफ मनी’ आला तेव्हा मॅक्रेडी आणि मिझरॅक दोघेही पडद्यावर होते. त्या सिनेमानंतर अमेरिकेत पुन्हा नवे हॉल निघाले. देशात कुणालाही वाटलं असतं, की आता या खेळाला मरण नाही.

आम्ही पुण्यात हे सगळं पाहिलं ते फार उशिरा, केबलवर. नव्वदच्या दशकात क्रीडावाहिन्या आल्या. क्रिकेट नसायचं तेव्हा रात्री-अपरात्री त्या काहीही दाखवायच्या, आणि त्या काहीहीमध्ये नाइन-बॉल असायचं. पुण्याला क्यूचा खेळ नवा नव्हता. १९५८ मध्ये बिलियर्ड्‌सचं जगज्जेतेपद जिंकणारे विल्सन जोन्स पुण्यातच जन्मले. पण तो खेळ क्लबांतला, मेंबरांचा. पूल आलं ते तासावर पैसे घेणाऱ्या पार्लरांतून, कॉलेजच्या पोरांसाठी, मोठ्या आवाजातल्या गाण्यांसकट. एका क्लबातले जुने मार्कर मला एकदा म्हणाले होते, “साहेब, त्या भोकातून नारळ जातोय. त्याला काय खेळ म्हनायचं?” मी वाद घातला नाही. रात्री अर्ल स्ट्रिकलंड बघायला मिळतोय तोवर मार्करांचं मत काही का असेना.

स्ट्रिकलंड! नॉर्थ कॅरोलायनाचा हा माणूस टेबलाशी भांडायचा, पंचांशी भांडायचा, प्रेक्षकांत कुणी खोकलं तर त्याच्याशी भांडायचा आणि मग वळून असा बॉल घालायचा की भांडण विसरायला व्हायचं. नाइन-बॉलची पहिली जागतिक स्पर्धा १९९० मध्ये झाली, ती त्याने जिंकली. १९९१ चीही त्यानेच जिंकली. १९९६ मध्ये डॅलसला लागोपाठ दहा रॅक साफ करणाऱ्याला दहा लाख डॉलर, असं बक्षीस लावलं होतं. त्याने अकरा केले. ते पैसे वसूल करायला पुढे वकील लागले, ही त्या काळच्या अमेरिकन पूलची दुसरी बाजू. टीव्हीवर मला फक्त पहिली दिसत होती. आम्हां पाहणाऱ्यांच्या डोक्यात तेव्हा एक समीकरण पक्कं होतं: पूल म्हणजे अमेरिका. बाकीचे पाहुणे.

आणि पाहुणे खरोखरच पाहुण्यासारखे वागत. मॉस्कोनी १९९३ च्या सप्टेंबरमध्ये गेला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या रॉमफर्डला त्याच्या नावाने अमेरिका विरुद्ध युरोप असा करंडक सुरू झाला. युरोपच्या संघात लोकांना ओळखीची वाटावीत अशी नावं हवी होती, म्हणून स्नूकरवाले घेतले: स्टीव्ह डेव्हिस, जिमी व्हाइट, अ‍ॅलेक्स हिगिन्स. पूलमध्ये युरोपचं स्वतःचं असं तिकीट खपवणारं नाव नव्हतं. अमेरिका १६–१२ ने जिंकली. पुढच्या वर्षी युरोप एका गुणाने जिंकला, १६–१५, आणि मग १९९६ ते २००१ अशी सलग सहा वर्षं अमेरिका. तेव्हा कमाईची आणि नावाची वाट अटलांटिक ओलांडूनच जायची. महिला स्नूकरची सात जगज्जेतेपदं जिंकलेली अ‍ॅलिसन फिशर १९९५ मध्ये इंग्लंड सोडून अमेरिकेत गेली ती त्यासाठीच. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस तर त्याच्याही आधी, १९८५ मध्ये, सेझार मोरालेस या नावाने ह्यूस्टनच्या एका स्पर्धेत उतरला आणि जिंकून गेला. एफ्रेन रेयेस या नावाची कीर्ती तिथवर आधीच पोहोचली होती म्हणून हे दुसरं नाव. आशियाची गोष्ट मोठी आहे. ती स्वतंत्र सांगायला हवी. इथे ती बाजूला ठेवतो.

युरोपात त्या वर्षांत काय चाललं होतं ते कुठल्या सिनेमात नव्हतं, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. युरोपियन पॉकेट बिलियर्ड फेडरेशन १९७८ मध्ये स्थापन झालं. जर्मनीत तर खेळ कुठलाही असो, त्याचा नोंदणीकृत क्लब निघतो, त्याला अध्यक्ष असतो, खजिनदार असतो आणि वार्षिक सभेचा वृत्तान्त असतो. पूलचंही तेच झालं. महिन्याची वर्गणी भरायची आणि क्लबच्या टेबलांवर खेळायचं. आठवड्यातून ठरल्या संध्याकाळी सराव, आणि सरावाला परवाना असलेला प्रशिक्षक. शनिवार-रविवारी संघाचे सामने, अगदी तालुक्याच्या पातळीपासून बुंडेसलिगापर्यंत, एकावर एक पायऱ्या. हंगाम संपला की वरचा संघ वर, खालचा खाली. काळी पँट, काळे बूट, संघाचा शर्ट. जीन्स घालून आलात तर खेळता येणार नाही. अमेरिकन हॉलमधल्या माणसाला हे सगळं हास्यास्पद वाटलं असतं. मलाही बरीच वर्षं वाटायचं.

शिकवण्याची पद्धतही अशीच रुक्ष. युरोपात क्षमता-चाचण्यांची एक पद्धत तयार झाली. पीएटी म्हणतात तिला. टेबलावर ठरावीक जागी बॉल मांडायचे, ठरावीक फटके मारायचे, गुण मांडायचे. सरळ फटका, मागे खेचलेला पांढरा बॉल, पुढे नेलेला पांढरा बॉल, कुशनवरून एक, दोन, तीन. एका पातळीची परीक्षा उतरलात की पुढची. बारा वर्षांच्या मुलाला आपण गेल्या महिन्याहून बरे खेळतो की नाही हे कुणाच्या खिशातले पैसे न जिंकता कळतं. तो मुलगा पुढे देशाच्या कनिष्ठ गटात, तिथून युरोपच्या कनिष्ठ स्पर्धेत. १९९२ पासून युरो टूर सुरू झाली. इटलीतलं त्रेव्हिझो, हॉलंडमधलं लेंडे, ऑस्ट्रियातलं सांक्ट योहान अशा गावांत ती भरते. बक्षिसं डोळे दिपवणारी नाहीत. पण सतरा वर्षांचा पोलिश किंवा अल्बेनियन पोरगा आपले पैसे भरून नाव नोंदवतो आणि पहिल्याच फेरीत एखाद्या माजी जगज्जेत्याशी त्याची गाठ पडते. हरला तर दोन महिन्यांनी पुन्हा येतो. हरण्याची किंमत प्रवेश-फी आणि प्रवासखर्च, एवढीच.

पण युरोपचं खरं शहाणपण मला दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. त्यांनी स्ट्रेट पूल टाकलं नाही.

स्ट्रेट पूल म्हणजे मॉस्कोनीचा खेळ. कुठलाही बॉल, कुठल्याही पॉकेटमध्ये, फक्त आधी सांगून. बॉलला एक गुण. चौदा बॉल गेले की ते पुन्हा त्रिकोणात लावायचे, पंधरावा बाहेर ठेवायचा. तो पंधरावा घालता घालता पांढऱ्या बॉलने तो घट्ट त्रिकोण फोडायचा आणि डाव पुढे चालू. इथे नशिबाला फारसं स्थान नाही, धडाकेबाज ब्रेकला नाही, आणि चमत्काराला तर मुळीच नाही. कुठला बॉल आधी काढायचा, कुठला चौदा बॉलनंतरसाठी राखून ठेवायचा, पांढरा बॉल दोन वीत हलवायचा की तीन, एवढाच विचार, तासन्‌तास. टीव्हीला हे परवडेना. अमेरिकेने नाइन-बॉल उचललं: एका धमाक्याने ब्रेक, पाच मिनिटांत रॅक संपला, मध्ये जाहिरात. काही वर्षांत स्ट्रेट पूल अमेरिकेत म्हाताऱ्यांच्या आणि न्यूयॉर्कच्या काही हॉलांपुरतं उरलं. युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये ते आजही आहे. जर्मन लीगमध्ये संघाला एट-बॉल, नाइन-बॉल आणि टेन-बॉलच्या बरोबरीने स्ट्रेट पूलही खेळावंच लागतं. त्यामुळे नाइन-बॉलच्या टेबलाशी येणारा जर्मन मुलगा पांढरा बॉल ताब्यात ठेवायला मॉस्कोनीच्या खेळावर शिकलेला असतो.

याची पहिली झलक अमेरिकेला १९८९ मध्येच मिळाली होती. शिकागोला स्ट्रेट पूलची यूएस ओपन झाली आणि ती ओलिव्हर ऑर्टमन नावाच्या कोवळ्या जर्मनाने जिंकली. अमेरिकनांनी त्याला ‘द मशीन’ म्हणून टाकलं. त्या नावात कौतुक किती आणि हेटाळणी किती, कोण जाणे. १९९५ मध्ये नाइन-बॉलचं जगज्जेतेपदही ऑर्टमनकडे गेलं, आणि १९९६ मध्ये राल्फ सूकेटकडे, म्हणजे तेही जर्मनीलाच. सूकेटला ‘सर्जन’ म्हणत. तो सामना खेळत नसे, कापून काढत असे. रात्री टीव्हीवर तो लागला की मी चहा करायला उठायचो. आता तेच जुने सामने मुद्दाम शोधून बघतो.

अमेरिकेत सामान्य माणसाचं पूल कुठे गेलं? लीगमध्ये. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी एक लीग काढली. ती वाढत वाढत अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन झाली. तिची सभासदसंख्या दोन लाखांच्या वर. बारमध्ये सात फुटी टेबल, आठवड्याच्या एका रात्री संघाचा सामना, हातात बिअर. तिचं वैशिष्ट्य म्हणजे हँडिकॅप. नवखा दोनचा, उत्तम खेळाडू सातचा. सातच्याला जिंकायला जास्त डाव लागतात, दोनच्याला कमी. त्यामुळे कालपरवा क्यू धरलेली बाई कसलेल्या खेळाडूला हरवू शकते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येते. माणसं जमवायची युक्ती म्हणून याला तोड नाही. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत बरीच वर्षं या लीगमध्ये खेळतो. त्याच्या संघात एक प्लंबर आहे, एक शाळेची बस चालवणारी बाई आहे, दोन गुजराती आहेत. परदेशात त्याला घरचं असं जे काही मिळालं त्यात ही मंगळवारची रात्र फार वरची आहे.

गेल्या खेपेला तो पुण्याला आला तेव्हा मी विचारलं, “दादा, तू अजून पाचचाच? इतक्या वर्षांत सहाचा व्हायला हवा होतास.”

“सहाचा झालो तर टीम फुटेल रे.”

मला कळेना. मग त्याने समजावून सांगितलं. एका रात्री पाच जण खेळतात आणि त्या पाचांच्या हँडिकॅपची बेरीज तेवीसच्या वर जाता कामा नये. सगळे हळूहळू सुधारले की बेरीज फुगते आणि मग कुणालातरी बाहेर काढावं लागतं. म्हणून काही जण मुद्दाम बॉल चुकवतात, सामना लांबवतात, कागदावर कच्चे राहतात. “आम्ही तसलं करत नाही,” दादा म्हणाला, आणि जरा थांबून, “म्हणजे मी तरी नाही.”

यात कुणाला खलनायक ठरवायचं कारण नाही. लीग करमणुकीसाठी आहे आणि ते काम ती चोख करते. पण अमेरिकेत पूल खेळणाऱ्या बहुसंख्य माणसांची रचना अशी आहे की सुधारणाऱ्याला दंड बसतो, आणि जर्मनीत अशी की सुधारणारा एक पायरी वर जातो. एवढा एक फरक पंचवीस वर्षं चालू राहिला की काय होईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शिवाय दादाच्या लीगचा सात आणि यूएस ओपनचा खेळाडू यांच्यामध्ये अमेरिकेत फारसं काहीच नाही. मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धा आहेत, प्रादेशिक स्पर्धा आहेत, पण एकापुढे एक चढत जाणारा जिना नाही. ती दरी पूर्वी पैशांच्या सामन्यांनी भरून काढली होती. हॉल बंद पडत गेले, भाडी वाढली, आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यावर खोट्या नावाने गावोगाव हिंडणं संपलं. फिरस्ता गेला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही.

वरून पैसा आला, नाही असं नाही. नव्वदच्या दशकात एका सिगारेट कंपनीने दौरा चालवला, तो गेला. मग २००५ मध्ये टीव्हीवर वस्तू विकून श्रीमंत झालेल्या केव्हिन ट्रूडोने इंटरनॅशनल पूल टूर काढली. असली बक्षिसं या खेळाने कधी पाहिली नव्हती. २००६ मध्ये रेनोला एफ्रेन रेयेसने अंतिम सामना जिंकला, बक्षीस पाच लाख डॉलर. खेळाडूंना ते पैसे हप्त्याहप्त्याने मिळाले आणि दौरा कोसळला. कित्येक अमेरिकन खेळाडूंनी या भरवशावर आयुष्याचे बेत आखले होते. दौरा गेला तेव्हा युरोपवाले युरो टूरवर परत गेले. अमेरिकन परत जायचे म्हटलं तर कुठे जाणार?

मॉस्कोनी कपचा काटा त्याच सुमारास कलला. २००२ मध्ये लंडनच्या यॉर्क हॉलमध्ये स्टीव्ह डेव्हिसने, म्हणजे उधारीवर आणलेल्या स्नूकरवाल्यानेच, स्ट्रिकलंडला हरवून युरोपला करंडक मिळवून दिला. त्याच वर्षी कार्डिफला स्ट्रिकलंड तिसऱ्यांदा जगज्जेता झाला होता. त्यानंतर अमेरिकन माणसाने नाइन-बॉलचं जगज्जेतेपद जिंकायला वीस वर्षं गेली, २०२२ पर्यंत. मधल्या काळात ते जर्मनी, इंग्लंड, हॉलंड, ऑस्ट्रिया, फिलिपिन्स, तैवान, जपान असं फिरून आलं. खुद्द यूएस ओपन २००८ आणि २००९ मध्ये फिनलंडच्या मिका इमोनेनने जिंकली, २०१० आणि २०११ मध्ये इंग्लंडच्या डॅरेन अ‍ॅपलटनने. २०१३ चा मॉस्कोनी कप लास व्हेगासला होता, घरच्या प्रेक्षकांपुढे. युरोप ११–२. तो निकाल वाचून मला पहिल्यांदा वाईट वाटलं. हरण्याचं नाही, इतकं सहज हरण्याचं.

या सगळ्यात एकटा उभा राहिला शेन व्हॅन बोनिंग. साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीचा, जन्मापासून ऐकू कमी येणारा, आई खेळाडू, आजोबांचा पूल हॉल. पाच वेळा यूएस ओपन जिंकून त्याने स्ट्रिकलंडशी बरोबरी केली आणि २०२२ मध्ये मिल्टन कीन्सला ऑस्ट्रियाच्या अल्बिन ऊशानला १३–६ ने हरवून ते वीस वर्षांचं खंडित जगज्जेतेपद त्यानेच परत आणलं. पण तो कुठल्या व्यवस्थेतून आला? घरातून. घरात हॉल असलेली मुलं अमेरिकेत उरलीत किती?

प्रयत्न झाले. ११–२ नंतर मार्क विल्सन यांच्याकडे संघ सोपवला. हे मिझुरीतल्या लिंडेनवूड विद्यापीठात पूलचे प्रशिक्षक, म्हणजे पूल शिकवता येतं हे मानणारे दुर्मीळ अमेरिकन. त्यांनी तरुण खेळाडू घेतले, शिस्त आणली आणि पुढची तीन वर्षं हरले. मग अमेरिकेने मान खाली घालून करायची गोष्ट केली: युरोपला अनेकदा जिंकून देणारा डच प्रशिक्षक योहान राइसिंक आपल्याकडे आणला. २०१८ आणि २०१९, दोन वर्षं अमेरिका जिंकली. केंटकीचा स्कायलर वुडवर्ड दोन्ही वेळा सर्वोत्तम खेळाडू. लंडनमध्ये अमेरिकन जिंकताना बघून मी एकटाच घरात टाळ्या वाजवल्या. राइसिंक गेला आणि २०२० पासून पुन्हा युरोप, वर्षामागून वर्ष. २०१० ते २०२४ या पंधरा करंडकांपैकी तेरा युरोपचे.

आता मॉस्कोनीच्या त्या ५२६ चं. तो विक्रम पासष्ट वर्षं टिकला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात जॉन श्मिट या अमेरिकनाने ६२६ केले आणि मला वाटलं, चला, घरचं घरात राहिलं. २०२२ मध्ये जेसन शॉने ७१४ केले. शॉ स्कॉटलंडचा. प्रामाणिकपणे सांगायचं तर तो काही जर्मन क्लबाचं फळ नाही. ब्रिटनच्या पबमधल्या छोट्या टेबलांवर वाढलेला आणि पुढे अमेरिकेत राहायला गेलेला, स्वभावाने फॅट्सच्या जवळचा माणूस. युरोपची वीण इतकी सरळ नाही, एवढंच यातून दिसतं. पब, क्लब, सरकारी मदत, घरच्यांनी चालवलेली जुनी गाडी, सगळं तिथे एकाच दौऱ्यावर येऊन मिळतं.

मला कुणी विचारलं, बघायला काय आवडतं, तर मी अजूनही जुनी अमेरिका म्हणेन. आजच्या युरोपियन संघातले पाच जण टेबलावर वाकले की चेहरे झाकून ओळखायला लावा, मला जमणार नाही. पाय, खांदा, हनुवटी, सगळं पुस्तकात आहे तसं. याला मोठा अपवाद योशुआ फिलर. विशीतच, २०१७ मध्ये, पहिल्याच मॉस्कोनी कपमध्ये सर्वोत्तम ठरला आणि पुढच्या वर्षी जगज्जेता. तो इतका भरभर खेळतो की कॅमेऱ्याची धांदल उडते. मॅक्रेडीचा तो वेडावाकडा हात पुन्हा दिसणार नाही याची हळहळ मला आहे. पण घरात क्यू धरायला आसुसलेलं पोर असतं, तर त्याला मी जॉन्स्टन सिटीच्या रात्रीत नसतं पाठवलं. वर्गणी भरून काळी पँट शिवली असती.

२०२४ च्या मॉस्कोनी कपला ऑर्लँडोत अमेरिकेच्या संघात त्या वर्षीचा जगज्जेता होता, आणि त्याच वर्षीचा यूएस ओपन विजेताही तोच होता. त्याचं नाव फेदोर गोर्स्ट. जन्म मॉस्कोचा, जडणघडण रशियातली आणि युरोपच्या स्पर्धांतली. २०२० मध्ये तो याच करंडकासाठी युरोपकडून खेळला होता, नंतर अमेरिकेत स्थायिक झाला. युरोपने ११–६ ने जिंकलं. प्रशिक्षक आणून झाला, खेळाडू आणून झाला. माझ्या मते आता अमेरिकेने उरलेल्या हॉलमालकांना गाठावं, आठवड्यातली एक संध्याकाळ मुलांसाठी मोकळी ठेवायला लावावी, तिथे एक शिकवणारा माणूस नेमावा आणि स्ट्रेट पूलपासून सुरुवात करावी. निकाल दिसायला पंधरा वर्षं लागतील. जर्मनीलाही त्याहून कमी लागली नव्हती.